समस्या निवारण: कॅसेटवरून घेतलेल्या भजनाची पट्टी पुन्हा पुन्हा चुकते, ती का?

तक्रार बहुतेक वेळा बुवांच्या घरूनच येते. मंडळातल्या एखाद्या हौशी मुलाने जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवलेल्या असतात, फाइल सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेली असते, आणि घरचे कुणीतरी म्हणते, "आवाज त्यांचाच आहे हो, पण इतका पातळ नव्हता." पेटीवाला लगेच ताडतो: बुवा काळी दोनमध्ये गायचे, इथे पांढरी तीन लागतेय. मग कानाने अंदाज घेऊन फाइल थोडी खाली ओढली जाते आणि ती कॅसेट सुधारल्यासारखी वाटते. पुढच्या कॅसेटला तेवढाच फरक लावला की ती भलतीच उतरते. तिसऱ्या कॅसेटची एक बाजू बरोबर येते, तर दुसरी शेवटाकडे चढत जाते.

सोलापुरातल्या निरनिराळ्या मंडळांकडून हीच गोष्ट मी ऐकत आलो आहे. ती परत परत उद्भवते याचे कारण सरळ आहे. तक्रार एक दिसते, पण तिच्यामागे चार वेगळे दोष असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. दोष ओळखण्याआधी फाइलला हात लावला, की एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसते. म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती, आणि मूळ फाइलला दुरुस्तीचा स्पर्शसुद्धा नाही. या पोस्टमधले बाकी सगळे या एका वाक्यासाठी आहे.

पट्टी थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडले, असे काही जण म्हणतात. बिघडते. टेपचा वेग ६ टक्क्यांनी वाढला की सूर पेटीवरच्या बरोबर एका पट्टीने चढतो आणि त्याबरोबर लयही तेवढीच वाढते. तासाभराचे भजन साडेछप्पन मिनिटांत संपते. मंडळ एखादा अभंग किती संथ घ्यायचे, बुवांचा गळा वयाच्या कोणत्या टप्प्यावर कुठवर जायचा, चाल ठाय लयीची होती की मध्य, हे सगळे त्या फाइलवरून पुढची माणसे ठरवणार आहेत. आपल्या गावात अभंग आहेत, लिंगायत घरांतली कन्नड वचने आहेत, सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू भजने आहेत, उर्दू कव्वाली आहे. यातले फारच थोडे कुठल्या कंपनीने कधी विकायला काढले. बऱ्याच गाण्यांची जगात एकच प्रत आहे, आणि ती मंडळाच्या लोखंडी कपाटात पत्र्याखाली मे महिन्याचा उकाडा सोसत पडली आहे.

डेकमध्ये घालण्याआधी

कॅसेटच्या वरच्या कडेला मागे दोन छोट्या प्लास्टिकच्या जिभा असतात. त्या मोडा. एवढे केले की चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी वरून काही मुद्रित होणार नाही. हे पहिले काम, बाकी सगळे नंतर.

मग खिडकीतून टेप पाहा. टेप उघडी दिसते त्या कडेला फेल्टचा जो छोटा चौकोन टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो, तो जागेवर आहे का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा गोंद सुकतो आणि फेल्ट गळून पडते. तसे झाले की आवाज दबतो, मधूनमधून गायबही होतो, आणि लोक समजतात टेपच खराब झाली. टेप ठीक असते. पाच स्क्रूंची एखादी चांगली रिकामी कॅसेट घ्या, दोन्ही चाकांसकट टेप तिच्यात हलवा. गोंदाने चिकटवलेले कवच असेल तर कडेने सावकाश उघडावे लागते. सवय नसेल तर आधी एखाद्या टाकाऊ कॅसेटवर हात बसवून घ्या.

वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यावी. गुंडाळी सैल-घट्ट झालेली असते, ती एकसारखी होते. दुसरा फायदा असा, की पुष्कळ दिवस एकावर एक बसलेल्या वेढ्यांतून जो पुसट पडसाद उमटलेला असतो (गायकाने सुरुवात करण्याच्या आधीच त्याचा आवाज हलका ऐकू येतो, तो) तोही थोडा कमी होतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठ मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिच्यात हा पडसाद जास्त. एकशेवीस मिनिटांची असेल तर जास्तच जपा. ती टेप इतकी पातळ असते की डेकमध्ये गुंतते आणि ताणलीही जाते.

हेड आणि त्याच्या शेजारचा धातूचा दांडा, म्हणजे कॅपस्टन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसून घ्या. तपकिरी डाग येणे थांबेपर्यंत पुसा. रबरी चाकाला साधा ओलसर कापूस पुरतो.

पट्टी मोजायची कशी: मंडळाची पेटी काढा

कानाने "थोडी चढी" असे म्हणून भागत नाही, आकडा हवा. आणि त्यासाठी सोलापुरातल्या मंडळांकडे सगळ्यात चांगले साधन आधीच आहे. कॅसेटवर वाजलेली तीच पेटी बऱ्याचदा अजून मंडळाकडे असते. तिच्या रीड थोड्याफार घसरलेल्या असतील, मध्ये कधी सुरात लावूनही घेतल्या असतील, तरी गळ्यापेक्षा आणि आठवणीपेक्षा ती कितीतरी जास्त भरवशाची.

मोबाइलवर सूर मोजणारे एखादे मोफत अॅप घ्या, ज्यात आकडा हर्ट्झमध्ये दिसतो. पेटीवर काळी एक हलक्या भात्याने दाबून धरा. भाता जोरात मारला की रीड किंचित उतरते, म्हणून हलकेच. समजा अॅपवर २७८ आले. आता फाइलमध्ये अशी जागा शोधा जिथे पेटी एकटी वाजते. भजन सुरू होण्याआधी पेटीवाला षड्ज देतो, दोन अभंगांच्या मध्येही बोटे पट्टीवर असतात. तिथे तोच स्वर २८६ आला, तर २८६ भागिले २७८, म्हणजे फाइल जवळजवळ ३ टक्के वेगाने पळते आहे. दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्या मोजून सरासरी घ्या. एखादी रीड बेसूर असेल तर ती लगेच वेगळी पडते.

पेटी स्केलचेंजर असेल तर एक अडचण आहे. पट्टीच्या नावावरून मूळ स्वर कळत नाही, कारण पट्ट्यांची रांगच सरकवलेली असू शकते. अशा वेळी पेटी फक्त एका पट्टीच्या आतला फरक सांगते. तो फरक एक पट्टी की दोन, हे ज्यांनी बुवांना साथ केली त्यांनाच विचारावे लागते. अशी माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून सगळ्या कॅसेटी उतरवून होईपर्यंत थांबू नका, पहिल्या दोन-चार झाल्या की त्यांच्याकडे जाऊन बसा. "पखवाज कुठल्या पट्टीला लावायचात?" हा प्रश्न मला सर्वात उपयोगी पडला आहे. गाणाऱ्याची पट्टी विसरलेला पखवाजिया स्वतःची लावणी विसरत नाही.

असा आकडा प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तीन ठिकाणी काढा. दोष कुठला ते या तीन आकड्यांवरूनच कळते.

तिन्ही ठिकाणी सारखाच फरक, आणि सगळ्या कॅसेटींत तोच

हा तुमच्या आजच्या डेकचा दोष. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हापासून तोच. पण घरगुती डेक कारखान्यातूनच टक्का-दीड टक्का इकडेतिकडे निघत, आणि इतक्या वर्षांत मोटर, पट्टा (बेल्ट), रबर सगळेच बदललेले असते. पट्टा सैल झाला की डेक मंद पडतो आणि सूर उतरतो. मेकॅनिकने अंदाजाने दुसरा पट्टा घालून दिला असेल तर उलटही होते.

दुरुस्ती डेकवरच करायची, फाइलवर नाही. पुष्कळ डेकांच्या मोटरच्या पाठीमागे एक बारीक भोक असते आणि आत वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. मापाची टेप मिळाली तर उत्तम. तिच्यावर ३१५० हर्ट्झचा (काहींवर ३००० हर्ट्झचा) एकसलग सूर असतो. डेक वीस मिनिटे चालवून गरम होऊ द्या, टेप लावा, अॅपवर आकडा पाहा. ३१५० च्या जागी ३२४५ दिसले तर डेक ३ टक्के जोरात आहे. प्लास्टिकच्या दांडीचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन केसभर फिरवा, थांबा, पुन्हा पाहा. आत विजेची जोडणी उघडी असते, म्हणून हे काम सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे जुने कारागीर सोलापुरात अजून आहेत आणि त्यांना हे काम सांगितले की मनापासून करतात.

मापाची टेप नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाच-सहा विकत मिळालेल्या संगीताच्या कॅसेटी घ्या, ज्यांची तीच गाणी आज सीडीवर किंवा अधिकृतपणे ऐकायला मिळतात. दोन्हींतला फरक मोजा. एका कॅसेटवर विसंबू नका, त्याही जराशा चुकीच्या निघत. सरासरी मात्र बरीच जवळ येते.

यूएसबीची वायर जोडून थेट संगणकात घेणारे जे छोटे स्वस्त प्लेअर मिळतात, त्यांच्यात वेग नीट लावण्याची सोय नसते आणि सूर सतत हलतो. घरच्या आठवणी ऐकायला ते चालतील. मंडळाचा संग्रह त्यांच्यावर उतरवू नये.

एकाच बाजूत सूर हळूहळू चढत जातो

हा दोष त्या रात्रीचा आहे, आजचा नाही. जागर मंदिरात किंवा चौकात, रेकॉर्डर सेलवर. सेल उतरत गेले की रेकॉर्डरची मोटर मंद होते, टेप सावकाश सरकते. तीच टेप आज बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो, आणि बाजूच्या शेवटाकडे जास्त चढतो. मध्येच सूर एकदम खाली येऊन जागेवर बसला, तर तिथे कुणीतरी सेल बदललेले असतात किंवा गेलेली लाइट परत आलेली असते. अशी जागा फाइलमध्ये नेमकी नोंदवून ठेवा.

इथे एकच टक्केवारी लावून चालत नाही, फरक सरकता असतो. सुरुवातीला १ टक्का, शेवटी ५ टक्के असेल तर दुरुस्तीही तशी सरकतीच हवी. ऑडेसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये "स्लायडिंग स्ट्रेच" नावाची सोय आहे, तिच्यात सुरुवातीचा आणि शेवटचा फरक वेगळा देता येतो. तीनच्या ऐवजी सात-आठ ठिकाणी मोजा आणि बाजूचे तुकडे करून सुधारा, कारण सेल सरळ रेषेत उतरत नाहीत. बराच वेळ तग धरतात आणि मग घसरतात. हे किचकट काम आहे हे कबूल, पण रात्रभराच्या जागराच्या कॅसेटी जवळजवळ सगळ्याच अशा निघतात, तेव्हा ते टाळता येत नाही.

उलट, बाजूच्या शेवटाकडे सूर उतरत गेला तर सेलना दोष देऊ नका. बहुधा कॅसेटचे कवच वाकडे झाले आहे किंवा डेकचे रबरी चाक गुळगुळीत झाल्याने टेप नीट ओढली जात नाही. तीच कॅसेट दुसऱ्या बाजूने वाजवून पाहा. तिथेही शेवटालाच उतरत असेल तर टेप नव्या कवचात घाला.

फरक साधारण दीड पट्टीचा

असा मोठा आणि काटेकोर फरक दिसला की टेपकडे पाहू नका, संगणकाकडे पाहा. आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी घेतला आणि कुठल्यातरी टप्प्यावर तो ४८,००० चा समजून वाजवला, की सूर ८.८ टक्के चढतो, म्हणजे जवळपास दीड पट्टी. उलट झाले तर तेवढाच उतरतो. साउंडकार्डात एक आकडा आणि ऑडेसिटीत दुसरा ठेवला की हे होते. बऱ्याचदा फाइल व्हिडिओत टाकताना होते. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा आणि कॅसेट परत घ्या. इथे टक्केवारीने सुधारण्यात अर्थ नाही.

कॅसेटऐवजी मोठ्या चकतीवर गुंडाळलेले टेपचे रीळ असेल तर एक वेगळीच गंमत होते: सूर पूर्ण सप्तकाने वर किंवा खाली. रिळाच्या यंत्रांवर सेकंदाला १९ आणि ९.५ सेंटिमीटर असे दोन वेग असत, आणि खटका चुकीच्या जागी आहे एवढाच त्याचा अर्थ.

सूर सतत थरथरतो

पेटीचा लांब धरलेला स्वर ऐका. त्यात नियमित लहर आली तर पट्टा, रबरी चाक किंवा कॅपस्टन यांपैकी काहीतरी खराब आहे. पट्टा आणि चाक बदला, मगच पुढचे काम. लहर फाइलमध्ये एकदा गेली की ती काढणे फार अवघड, आणि काढणारी महाग सॉफ्टवेअर आपल्या मंडळांच्या आवाक्यातली नाहीत.

पेटी नाही, सांगणारेही उरले नाहीत: तेव्हा विजेची घरघर

माइक आणि अॅम्प्लिफायर लाइटवर असेल तर ध्वनिमुद्रणात विजेची बारीक घरघर शिरलेली असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर ५० वर, आणि तिच्या पटीत १००, १५०, २०० अशी. ऑडेसिटीत शांत जागा निवडून "प्लॉट स्पेक्ट्रम" काढा, त्यातला "साइज" मोठ्यातला मोठा ठेवा. १५० ची रेघ १५४.५ वर दिसली, तर टेप ३ टक्के पळतेय. जितक्या वरच्या पटीची रेघ सापडेल तितके माप अचूक येते.

दोन खबरदाऱ्या. पहिली, डेकची स्वतःचीही घरघर असते. टेप थांबवा, जी रेघ उरते ती आजची, जी जाते ती त्या रात्रीची. आजची रेघ मोजून काही कळणार नाही.

दुसरी खबरदारी जास्त महत्त्वाची, आणि बाहेरच्या देशांतल्या मार्गदर्शनात ती सापडत नाही. तिकडे गृहीत धरतात की घरघर नेहमी नेमकी ५० किंवा ६० असते. आपल्याकडे तसे नव्हते. देशाच्या वीजजाळ्याच्या (ग्रिडच्या) पश्चिम विभागात २००२ साली वीजदराची नवी पद्धत आली आणि त्यानंतर ग्रिडची वारंवारता आटोक्यात आली. त्याआधी संध्याकाळी भार वाढला की ती ४९ च्या खालीही जात असे. आणि भजन संध्याकाळीच! ४९ ला मुद्रित झालेली घरघर ५० समजून सुधारली, तर सूर खऱ्यापेक्षा २ टक्क्यांनी चढतो, एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या कॅसेटींसाठी घरघर हा साक्षीदार धरा, न्यायाधीश नको. पेटी आणि घरघर यांच्यात मतभेद झाला तर पेटीचे ऐका.

आता दुरुस्ती

आधी मूळ फाइल. वॅव्ह स्वरूपात, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस कमीत कमी ४८ ची आणि शक्यतो ९६ ची आहे. ९६ ला तासाला साधारण २ जीबी जागा लागते, ४८ ला निम्मी. हार्डडिस्कचे आजचे भाव पाहता मी ९६ च घ्या म्हणेन. आवाजाची पातळी सर्वात जोरकस जागी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. टाळ फार दगा देतात. अभंग शांतपणे चाललेला असतो आणि गजर सुरू झाला की टाळांनी फाइल फाटते. म्हणून पातळी गजरावर लावा, सुरुवातीच्या मंगलाचरणावर नको.

या मूळ फाइलवर काहीही करायचे नाही. तिची प्रत काढा आणि प्रतीवर ऑडेसिटीतले "चेंज स्पीड" (नव्या आवृत्तीत "चेंज स्पीड अँड पिच") वापरा. "चेंज पिच" नव्हे. "चेंज पिच" सूर खाली आणते, पण लय चुकीचीच ठेवते, शिवाय टाळांचा नाद विचित्र करते. वेग चुकला होता, तर वेगच बदलायचा. वरच्या उदाहरणात २७८ भागिले २८६, म्हणजे उणे २.८ टक्के. हा आकडा, तो कशावरून काढला (पेटी, घरघर की कुणाचे सांगणे), आणि कुठल्या डेकवर कॅसेट वाजवली, हे फाइलशेजारी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. उद्या कुणाला जास्त चांगला पुरावा मिळाला तर तो मूळ फाइलपासून पुन्हा सुरुवात करू शकतो.

दबका आवाज हे वेगळे दुखणे

पट्टीच्या तक्रारीबरोबर ही जोडतक्रार येतेच: "टाळ कापडाआडून वाजतायत." इथे वेगाचा संबंध नाही, हेडच्या कोनाचा आहे. हेडमधली फट टेपशी काटकोनात हवी. दहा हजार हर्ट्झचा आवाज कॅसेटवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावलेला असतो, त्यामुळे कोन जरासा चुकला तरी वरचे सगळे स्वर पुसतात. मुद्रण दुसऱ्या यंत्रावर झालेले, म्हणून कोन प्रत्येक कॅसेटला वेगळा असू शकतो.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो. त्याची मूळ जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा. आवाज मोनोवर करा, टाळ सलग वाजतात अशी जागा लावा, आणि स्क्रू अगदी हळू इकडे-तिकडे फिरवा. टाळ एकाएकी समोर येऊन बसतात अशी एक जागा सापडते. ती सापडली की कॅसेट पहिल्यापासून घ्यायला सुरुवात करा. फाइल झाल्यावर सॉफ्टवेअरने तिखटपणा वाढवून हा दोष जात नाही, फक्त खरखर वाढते.

खरखरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मूळ फाइलमधून ती काढू नका, आणि ऐकायच्या प्रतीतूनही बेताने काढा. पूर्व भागातल्या काही कॅसेटींवर मागे यंत्रमागाचा खडखडाट आहे. एका मंडळाने तो "स्वच्छ" करून घेतला, तर त्याबरोबर पखवाजाची थाप बोथट झाली आणि कोरसमधल्या बायकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे झाले. माग थांबले नव्हते आणि भजन चालू होते, हीसुद्धा त्या ध्वनिमुद्रणातली माहिती आहे. ती राहू द्या.

तसेच सुरुवातीचे बोलणे कापू नका. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग", मग निवेदक कार्यक्रमाचे निमित्त सांगतो: गड्ड्याच्या यात्रेतले भजन, मार्कंडेय रथोत्सव, बारा जानेवारीचा हुतात्मा दिन. कॅसेटवर तारीख नसते, पण निवेदनात असते. बऱ्याच कॅसेटींचे साल मला अशा कापायला निघालेल्या मिनिटातूनच मिळाले.

वेष्टनाचा कागद दोन्ही बाजूंनी मोबाइलवर स्कॅन करा, मग त्यावरचा मजकूर आहे त्या लिपीत टाइप करा. कन्नड, तेलुगू, उर्दू लिहिलेले असेल तर शेजारच्या जाणत्या माणसाकडून वाचून घ्या; अंदाजाने मराठीत उतरवू नका. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग मंडळ, मग कॅसेटचा क्रमांक आणि बाजू. "ट्रॅक ०१" नावाच्या फाइली हरवत नाहीत, पण सापडतही नाहीत.

प्रती तीन ठेवा: एक मंडळाकडे, एक कुणा सभासदाच्या घरी, एक गावाबाहेर किंवा क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा जोडून फाइली उघडतात का ते पाहा. मूळ कॅसेटी टाकून देऊ नका. उभ्या, पूर्ण गुंडाळलेल्या, स्पीकरपासून लांब आणि घरातल्या सर्वात थंड भिंतीशी ठेवा. पत्र्याच्या खोलीतले कपाट ही सोलापुरात सर्वात वाईट जागा.

यूट्यूबवर टाकण्याआधी गायक-वादकांच्या घरी विचारा. आपल्या कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे टिकतो, रचनेचा हक्क निराळा. आजवर मी विचारलेल्या घरांपैकी नाही म्हणणारे विरळाच, आणि विचारायला गेल्यावर आणखी दोन कॅसेटी मिळाल्या असे मात्र कितीदा तरी झाले.

शेवटी, ज्यांच्याकडे हे काम वीस वर्षांपूर्वीच "होऊन गेले" आहे त्यांच्यासाठी. तेव्हा बऱ्याच मंडळांनी कॅसेटी एमपीथ्री करून सीडीवर घातल्या. त्या सीडी आज कॅसेटींपेक्षा जास्त धोक्यात आहेत. घरी लिहिलेल्या सीडीचा थर उष्णतेने जातो, आणि एकदा वाचता येईना की काही हाती लागत नाही. आधी त्या सगळ्या हार्डडिस्कवर उतरवा, एक-दोन ड्राइव्हवर लागत नसतील तर तिसऱ्यावर लावून पाहा. मूळ कॅसेट शिल्लक असेल तर वरच्या पद्धतीने नव्याने घ्या. नसेल तर सीडीवरची फाइलच मूळ समजा, पेटी काढा आणि तीन ठिकाणी मोजा. त्या काळी घेताना डेक कुणी लावून घेत नसे, त्यामुळे पट्टी बहुधा तिथेही चुकलेलीच असते, आणि एका मंडळाच्या सगळ्या सीडींत फरक बहुतेक सारखाच निघतो.